उंच केलेल्या हायब्रिडचं ॲव्हरेज पडलंय? आधी काटा तपासा, मग गाडी

सोलापुरात विजापूर रोडला माझं व्हील अलाइनमेंटचं, म्हणजे चाकांचे कोन सरळ करायचं दुकान आहे. एकच तक्रार इतक्यांदा ऐकलीय की गिऱ्हाईक दार उघडायच्या आत मला ती कळते. गाडी दीड-दोन इंच वर उचललेली असते, टायर कमानीत कसेबसे मावलेले असतात, आणि उतरणारा माणूस म्हणतो, "अण्णा, गाडी लई प्यायला लागली ओ."

हायब्रिडवाल्याला, म्हणजे इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या गाडीच्या मालकाला, हे जास्त झोंबतं. त्यानं साध्या गाडीपेक्षा जास्त पैसे मोजलेले असतात ते ॲव्हरेजसाठीच. मग यूट्यूब बघून लिफ्ट किट (गाडी उंच करायचं सामान) आणि जाड नक्षीचे टायर टाकतो आणि महिन्याभरात हिशेब मांडत बसतो.

एक आधीच सांगतो. खरा हायब्रिड पिकअप माझ्या रॅम्पवर अजून चढलेला नाही. ते तिकडं अमेरिकेत: फोर्डचा एफ-१५० पॉवरबूस्ट, त्याचा धाकटा भाऊ मॅव्हरिक, टोयोटाचा टकोमा. माझा भाचा डॅलसला असतो, त्याच्याकडं असला एक आहे. त्यानं तिथं तेहेतीस इंची टायर टाकले आणि आपल्या रात्री अकराला मला फोन, "मामा, ॲव्हरेज गेलं." म्हणजे रोग तोच, नुसता पत्ता बदलला. आपल्याकडं उचलल्या जातात त्या एक तर हायरायडर, ग्रँड विटारा, हायक्रॉससारख्या हायब्रिड गाड्या, नाही तर हायलक्स, व्ही-क्रॉससारखे डिझेल पिकअप. तपासायची रीत सगळ्यांना सारखीच. हायब्रिडचं जिथं वेगळं आहे तिथं वेगळं सांगतो.

लक्षणं

यातली दोन-तीन जरी जुळली तरी पुढचं वाचा.

- डॅशबोर्डवरचं ॲव्हरेज टायर बदलल्या दिवसापासूनच खाली आलं. हळूहळू नाही, एकदम.
- पूर्वी काट्यावर ९० असताना मोबाइलचा जीपीएस दोन-चारनं कमी दाखवायचा. आता तो बरोबरीनं चालतो किंवा पुढं जातो.
- सात रस्त्याच्या सिग्नलवरून सुटल्यावर 'ईव्ही'चा, म्हणजे नुसत्या मोटरवर चालल्याचा हिरवा दिवा बराच वेळ टिकायचा. आता पाय टेकवला की इंजिन जागं होतं.
- सपाट रस्त्यावर पाय काढला तर गाडी घरंगळत नाही, मागून कुणी पदर धरल्यासारखी ओढते.
- टायरच्या कडेवरून हात फिरवला तर एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट्या दिशेनं करवतीसारखं लागतं.
- रस्ता सरळ, पण स्टिअरिंग तिरकं.

पहिली दोन लक्षणं असतील आणि बाकी काहीच नसेल तर तुमचं निम्मं दुखणं कागदावरचं आहे. म्हणून सुरुवात तिथूनच.

१. काटा खोटा बोलतोय का? (खर्च: शून्य)

गाडीला आपण किती किलोमीटर चाललो हे कळत नाही. तिला कळतं चाक किती वेळा फिरलं ते. एका फेऱ्यात किती अंतर जातं हा आकडा कंपनीनं मूळ टायरच्या मापानं आत भरून ठेवलेला असतो. तुम्ही घेर वाढवलात, आकडा तोच राहिला. आता गाडी जास्त चालते आणि कमी मोजते. तेल मात्र जेवढं जळलं तेवढंच मोजते. भागाकार चुकला की ॲव्हरेज 'पडलं'.

किती चुकतंय ते टायरच्या अंगावरच लिहिलेलं असतं. २६५/६५ आर १७ घ्या. २६५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरची भिंत रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे १७२ मिलिमीटर. ती वरून आणि खालून अशी दोनदा धरायची. १७ हा रिम, इंचात, म्हणजे ४३२ मिलिमीटर. बेरीज ७७६. आता त्या जागी २८५/७० आर १७ टाकला तर बेरीज ८३१ होते. ८३१ भागिले ७७६ म्हणजे १.०७. गाडी १०० दाखवते तेव्हा तुम्ही १०७ चाललेले असता. हायब्रिड एसयूव्हीमध्ये २१५/६० आर १७ काढून २२५/६५ आर १७ टाकणारे बरेच येतात. तिथं ६९० चे ७२४ होतात, म्हणजे ५ टक्के.

आकडेमोडीवर विश्वास नसेल तर पुणे हायवेला जा. बाळे सोडलं की मोकळा रस्ता लागतो आणि कडेला किलोमीटरचे दगड आहेत. एका दगडापाशी ट्रिप शून्य करा आणि शेजारी बसलेल्याला दगड मोजायला लावा. वीस दगड झाले की बघा. सात टक्के मोठ्या टायरवर काटा १८.७ च्या आसपास असतो. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा शेजारी बसलेला पोरगा म्हणाला, "अण्णा, एक दगड चोरीला गेला काय?"

आता टाकी फुल पद्धत. एकच पंप, शक्यतो तेच नोझल. आपोआप बंद झालं की थांबायचं. 'राउंड फिगर' करत वरून अजून भरू द्यायचं नाही, कारण त्या दोन-तीनशे मिलीनं हिशेब बिघडतो. कमीत कमी तीनशे किलोमीटर चालवायचं, तिथंच परत भरायचं. ट्रिपच्या आकड्याला १.०५ किंवा १.०७, जो तुमचा असेल त्यानं गुणायचं आणि लिटरनं भागायचं. हा खरा आकडा. डॅशबोर्डवरचा आकडा यापुढं विसरायचा.

यातच आणखी एक छुपी गोम आहे. कंपनीकडून काटा मुद्दाम जरा जास्त वेग दाखवणारा येतो, कमी दाखवायची त्याला परवानगी नसते. म्हणून पूर्वी काट्यावर ९० असताना गाडी प्रत्यक्षात ८६-८७ नं चाललेली असायची. तुम्ही आजही काटा ९० वरच ठेवता, पण गाडी आता ९२-९३ नं पळते. वाऱ्याचा रोध वेगाच्या वर्गानं वाढतो. वेग ७ टक्के वाढला की रोध १४ टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे मोजणीत तोटा दिसतो तो खोटा, पण त्याच चुकीमुळं पाय जास्त पडतो तो तोटा खरा. मोबाइलवर जीपीएसचा वेग लावून, पूर्वीच्या खऱ्या वेगानं एक टाकी चालवून बघा. काही लोकांचा प्रश्न इथंच संपतो.

भाच्याच्या फोर्डसारख्या गाडीत योग्य टूल लावून टायरचा नवा घेर कॉम्प्युटरला सांगता येतो. माझ्याकडं येणाऱ्या गाड्यांना मी एक चिकटपट्टी लावून देतो, काट्याशेजारी: 'गुणिले १.०५'. दिसायला गावठी आहे, पण काम करते.

२. कशाशी तुलना करताय?

जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीत काढलेलं ॲव्हरेज आणि मे महिन्यातलं ॲव्हरेज शेजारी ठेवून टायरला शिव्या घालू नका. फुल हायब्रिडमध्ये (जी नुसत्या मोटरवरही चालते) एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, मोठ्या बॅटरीवर. बाहेर बेचाळीस डिग्री, गाडी सिग्नलवर उभी, आत एसी फुल, मग बॅटरी उतरते आणि ती भरायला इंजिन उठतं. यात टायरचा काही संबंध नाही.

दुसरं पेट्रोल. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल आहे. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. जुना आकडा १० टक्केवाल्या पेट्रोलवरचा असेल तर तीन-साडेतीन टक्के तिथंच गेले. ऊस आपल्याच जिल्ह्यातला आहे, कारखाने आपलेच, त्यामुळं मी यावर जास्त बोलत नाही. फक्त टायरच्या खात्यावर ते लिहू नका.

३. हवा (खर्च: शून्य)

माझ्याकडं येणाऱ्या निम्म्याहून जास्त गाड्यांत हवा चुकीची असते. टायर जाड आणि कडक, त्यात लिफ्टचे कडक स्प्रिंग, गाडी आदळते. मग मालक किंवा टायरवाला हवा कमी करून 'मऊ' करतो. दारावरच्या स्टिकरपेक्षा सात-आठ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) कमी सापडणं ही रोजची गोष्ट. हवा कमी म्हणजे रबर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतं, परत फुगतं, आणि त्या दबण्या-फुगण्यात जी ऊर्जा उष्णता होऊन जाते ती तुमच्या टाकीतून गेलेली असते.

मोजायची ती सकाळी, गाडी हलवायच्या आधी. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये दुपारी डांबरावर चालून आलेल्या टायरमध्ये चार-पाच पीएसआय सहज जास्त दिसतात. ते बघून हवा काढली की रात्री टायर उपाशी.

इथं एक घोटाळा होतो. कंपनीच्या स्टिकरवरचा आकडा कंपनीच्या मापाच्या टायरसाठी असतो. ज्या मड टेरेन, म्हणजे चिखलासाठीच्या टायरच्या मापाआधी 'एलटी' लिहिलेलं असतं तो हलक्या ट्रकचा टायर. तेवढंच वजन पेलायला त्याला कारच्या टायरपेक्षा जास्त हवा लागते. म्हणून त्यात स्टिकरएवढी हवा भरली तरी ती कमीच असते. टायर कंपनीचा लोड-प्रेशरचा तक्ता असतो, विकणाऱ्याकडून तो मागून घ्या. तो "पस्तीस भरा, सगळ्यांना चालतं" म्हणाला तर दुकान बदला.

४. ओझं आणि वारा

लिफ्ट एकटी येत नाही. तिच्यामागनं टपावरचा कॅरियर, पुढचा लोखंडी बार, एलईडीची पट्टी, चादरीच्या पेटीएवढा टूलबॉक्स, हे सगळं वरातीसारखं येतं. गाडी उंच झाली की पोटाखालून वारा जास्त घुसतो, आणि खालचा भाग काही गुळगुळीत नसतो. त्यात कॅरियर टपावर उभा. हायवेला ऐंशीच्या पुढं बहुतेक ताकद वाऱ्याशी भांडण्यातच जाते.

कॅरियर चार बोल्टांवर असतो. काढा, एक टाकी चालवा, आकडा लिहा. फुकटातला सगळ्यात मोठा फायदा मी इथंच पाहिलाय. पुढचा बार मात्र ठेवायचाच नसतो. २०१७ मध्येच केंद्राच्या परिवहन मंत्रालयानं क्रॅश गार्ड, बुल बार बेकायदा ठरवलेत, आणि धडकेत एअरबॅगच्या हिशेबातही तो ढवळाढवळ करतो.

५. फक्त हायब्रिडसाठी: मागच्या सीटजवळची जाळी

बऱ्याच हायब्रिडमध्ये मोठी बॅटरी थंड ठेवायला केबिनमधली हवा पंख्यानं ओढली जाते. त्याची जाळी मागच्या सीटखाली किंवा बाजूला असते. तुमच्या गाडीत ती कुठं आहे ते मालक-पुस्तिकेत दाखवलेलं असतं. नवं सीट कव्हर चढवलं, जाळी झाकली. शेतातून फिरून आला, जाळीत काळी धूळ. बॅटरी तापली की कॉम्प्युटर तिच्याकडून काम कमी घेतो, ब्रेकची वीजही कमी साठवतो, आणि 'ईव्ही' दिवा लवकर मावळतो. दोष लागतो टायरला.

जुळे सोलापुरातले एक सर, त्यांच्या जाळीतून मी कापसासारखा गठ्ठा काढला. त्यात कुत्र्याचे केस होते, ज्वारीचा भुसा होता आणि एक शेंगही. सर खजील. जाळी ब्रशनं आणि हलक्या व्हॅक्युमनं साफ करा. आतला पंखा, झाकण, वायर यांना हात लावायचा नाही.

६. ब्रेक धरतोय का?

हायब्रिडमध्ये निम्मं थांबणं मोटरच करते, ती वीज बनवते आणि गाडी मंदावते. पॅड कमी झिजतात म्हणून लोक खूश असतात. पण न वापरलेली गोष्ट आखडते. कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिनांवर चिखल बसतो. आपली काळी माती तर ओली असताना मेणासारखी चिकटते आणि वाळली की सिमेंट. पिन आखडली की पॅड पूर्ण सुटत नाही.

तपासणी सोपी. दहा-बारा किलोमीटर चालवा. शेवटचा अर्धा-एक किलोमीटर ब्रेक जवळजवळ न मारता, आपोआप हळू होऊ देत गाडी थांबवा. उतरून चारही रिमजवळ हाताचा उलटा पंजा न्या, टेकवू नका. तीन चाकं कोमट आणि एक भाकरीच्या तव्यासारखं असेल तर सापडलं. लाँग ड्राइव्हनंतर पुढची दोन्ही मागच्यांपेक्षा गरम असणं साहजिक आहे. डाव्या-उजव्यात फरक नको.

चाक जॅकवर घेऊन हातानं फिरवून बघायचं असेल तर हायब्रिडवाल्यांनी हे लक्षात ठेवा. गाडी शांत आहे म्हणजे बंद आहे असं नाही. 'रेडी' दिवा लागलेला असेल तर इंजिन आपल्या मर्जीनं कधीही सुरू होतं. गाडी पूर्ण बंद करा, किल्ली खिशात नको, लांब ठेवा, स्टँड लावा, मगच हात घाला. आणि जॅक लावायचा तो पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच. पोटाखाली बॅटरीचं खोकं असलेल्या गाड्या असतात.

पिन साफ करून ग्रीस लावणं हे कुठल्याही बऱ्या मेकॅनिकचं तासाभराचं काम. तुम्ही स्वतः ब्रेक खोलायची सवय नसेल तर खोलू नका. शिवाय काही गाड्यांत इलेक्ट्रॉनिक ब्रेक सिस्टिम पार्क असतानाही दाब तयार करते, तिथं स्कॅनरशिवाय कामच करायचं नसतं.

७. अलाइनमेंट

इथं मी पक्षपाती आहे, माझी भाकरी यावर आहे. तरी ऐका. गाडी वर उचलली की पुढच्या चाकाला धरणारे हात खाली झुकतात आणि चाकांचे कोन बदलतात. त्यात ॲव्हरेजला मारणारा कोन म्हणजे टो, म्हणजे दोन्ही चाकं एकमेकांकडं किंवा एकमेकांपासून वळलेली असणं. ती किंचित जरी वाकडी असली तरी टायर फिरताना थोडा घासत चालतो, किलोमीटरभर, दिवसभर. ती करवतीची धार तिथून येते. कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, बिघडला तर आतली कड झिजते. कास्टर, म्हणजे चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा मागं कल, कमी झाला तर गाडी सरळ रेषेत बसत नाही, सारखं स्टिअरिंग सांभाळावं लागतं.

लिफ्ट बसवणाऱ्यानं "अलाइनमेंट करून दिलीय" सांगितलं असेल तर कागद मागा. आधीचे आणि नंतरचे आकडे, चारही चाकांचे. कागद नसेल तर झाली नाही असं समजा. पाच-सातशे किलोमीटर चालल्यावर स्प्रिंग, बुश बसतात, म्हणून परत एकदा करा. मशीनच्या पडद्यावर टो हिरव्यात आला आणि कॅम्बर-कास्टर लालच राहिला, तर गाडीला तेवढा वाव उरलेला नाही. म्हणजे लिफ्ट जास्त झालीय किंवा वरचे हात बदलावे लागतील. अशा वेळी मी "चालतंय" म्हणून गाडी देत नाही, तुमच्या अलाइनमेंटवाल्यानंही देऊ नये.

ज्या गाड्यांत पुढच्या काचेवर कॅमेरा आणि गाडीच्या तोंडावरच्या जाळीमागं रडार असतं, त्यांची उंची बदलली की त्या कॅमेरा-रडारचीही नजर बदलते. ते कॅलिब्रेशन माझ्याकडं होत नाही, कंपनीच्या वर्कशॉपलाच जा. हेडलाइट मात्र स्वतः खाली करून घ्या. समोरून येणाऱ्या ऊसवाल्या ट्रॅक्टरला आधीच काही दिसत नसतं.

८. टायर स्वतःच

आतापर्यंतचं सगळं फुकटात किंवा थोडक्यात होणारं होतं. आता जे उरतं ते टायरचं, आणि ते टायर काढल्याशिवाय जात नाही.

एकदा पैज लागली म्हणून मार्केट यार्डातल्या ओळखीच्या अडत्याकडं कांद्याच्या काट्यावर दोन टायर ठेवले. पिकअपचा मूळ, रस्त्याचा टायर सतरा किलो. त्याच रिमचा मोठा मड टेरेन सव्वीस. चार चाकांना छत्तीस किलो जास्त. कुणी म्हणेल, छत्तीस किलो म्हणजे एक शाळकरी पोरगं, त्यानं काय होतं? पोरगं सीटवर बसतं. हे वजन चाकाच्या कडेला बसतं, त्याला नुसतं पुढं न्यायचं नाही, फिरवायचंही असतं. दोरीला दगड बांधून गरगर फिरवून बघा, दोरी लांब केली की हाताला किती कळतं ते. शिवाय घेर वाढला की रस्त्याला तेवढाच जोर द्यायला आसाला जास्त पीळ द्यावा लागतो. घेर ७ टक्के तर पीळही ७ टक्के.

हायब्रिडला हे का जास्त लागतं ते इथं कळतं. साधी गाडी शहरात जास्त पिते, हायवेला कमी. हायब्रिडची कमाई शहरातली. फोर्डच्या मॅव्हरिक हायब्रिडचे २०२२ चे अमेरिकन सरकारी आकडे बघा: शहरात गॅलनला ४२ मैल, हायवेला ३३. आपल्या हिशेबात शहरात लिटरला १८ च्या आसपास, हायवेला १४. उलटी गंगा. मोठ्या एफ-१५० हायब्रिडच्या फोर-बाय-फोरला २०२१ मध्ये शहर आणि हायवे दोन्हीकडं २४, म्हणजे लिटरला १० च्या जरा वर. शहरात इंजिन बंद ठेवायचं, मोटरवर सुटायचं, ब्रेकमध्ये वीज परत घ्यायची, यातून ही कमाई होते.

आता त्याच गाडीला जड चाक लावा. अशोक चौकातून सुटताना मोटरला ते चाक फिरवायलाच जास्त जोर लागतो. कॉम्प्युटरला किती ताकद मोटरवर द्यायची आणि कुठं इंजिन बोलवायचं याची एक रेघ ठरलेली असते. पूर्वी तुम्ही त्या रेघेच्या जरा खाली सुटत होता, आता जरा वर. जरासाच फरक, पण प्रत्येक सिग्नलला इंजिन उठतं. म्हणून शहरातला आकडा अपेक्षेपेक्षा जास्त पडतो. "पण ब्रेकमध्ये वीज परत येते की" असं भाचा म्हणाला. येते, पण पूर्ण येत नाही. बॅटरीतून मोटरला, मोटरमधून चाकाला, परत त्याच वाटेनं मागं, प्रत्येक हाताला थोडं चिकटतं. आणि जोरात ब्रेक मारला तर घासणारे ब्रेक येतातच, ती ऊर्जा गेली.

पायाची सवय बदलून त्यातलं थोडं परत मिळतं. सिग्नलवरून सुटताना आरामात, आणि थांबायचं लांबून ठरवायचं. पण तुळजापूरला चढताना किंवा पुण्याला शंभरनं जाताना कुठलीच युक्ती चालत नाही. तिथं ब्रेक मारायचाच नसतो, तर परत काय येणार?

दोन गोष्टी तरी करा. घेर मूळच्या जवळ ठेवा, तीन टक्क्यांच्या आत. आणि मड टेरेनऐवजी ऑल टेरेन (रस्ता आणि कच्ची वाट दोन्हीसाठीचे) घ्या. ज्यांची गाडी महिन्यातून एकदा मंगळवेढ्याला हुरड्याला शेतात जाते आणि उरलेले दिवस होटगी रोडला असते, त्यांना मड टेरेनची गरज नाही हे मी तोंडावर सांगतो. काही जण रागावतात. चौथा-पाचवा टायर वेगळ्या मापाचा तर कधीच नको, चारही चाकांना ओढ असलेल्या गाडीत त्यानं आतली यंत्रणाच भाजून निघते.

९. लिफ्टचे कोन

गाडी जेवढी वर, तेवढे पुढचे ड्राइव्ह शाफ्ट (चाकं फिरवणारे दांडे) तिरके. तिरका सांधा जास्त घासतो, रबरी बूट ताणला जाऊन फाटतो आणि ग्रीस रिमच्या आतल्या बाजूला उडतं. पिकअपमध्ये मागच्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉसही तसाच. यात इंधन फार जात नाही, पण खर्च मोठा येतो. वळणावर टकटक, ६०-७० ला बुडाखाली थरथर, रिमच्या आत काळं ग्रीस, यातलं काही दिसलं तर ॲव्हरेजचा विचार सोडा.

इथं थांबा

पुढचं घरी नाही, रस्त्याकडेच्या गॅरेजलाही नाही:

- केशरी रंगाची जाड वायर. ती उच्च दाबाची. फाटलेली, घासलेली, लिफ्टनंतर ताणलेली दिसली तर गाडी चालवू नका, हात लावू नका, कंपनीचा हायब्रिड शिकलेला माणूस बोलवा.
- 'हायब्रिड सिस्टिम तपासा' किंवा लाल त्रिकोण. कुणाच्या स्वस्त स्कॅनरनं कोड पुसून पुढं जायचं नाही.
- जाळी साफ करूनही पंखा सतत ओरडतोय, 'ईव्ही' मिनिटभरही टिकत नाही. बॅटरीची तपासणी हवी.
- ब्रेक, एबीएस किंवा स्थिरतेचा दिवा.
- शाफ्टची थरथर, फाटलेला बूट.
- वरच्या आठव्या पायरीपर्यंत सगळं करूनही खरं ॲव्हरेज मूळच्या पाव भागानं कमी. एवढं निव्वळ टायरनं जात नाही, दुसरं काही तरी आहे.

कायद्याचंही एकदा बोलून घेऊ. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा आरसीवरची गाडी वेगळी करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेच ठामपणे सांगितलं. कंपनीच वरच्या मॉडेलला जे टायर देते ते माप बहुधा अडचणीचं नसतं. त्यापुढं गेलात तर एमएच-१३ च्या पाटीवर पावती फाटू शकते. मोठी भीती अपघातानंतर विमा कंपनीनं प्रश्न विचारण्याची.

त्या सरांचं काय झालं ते सांगतो. डॅशबोर्डवर २१ चे १७ झाले होते. गुणिले १.०५ केल्यावर १७.८५, म्हणजे चारची घट तीनच्या जरा वर आली. हवा भरली, जाळी साफ केली, टो सरळ केला, कॅरियर उतरवला. दोन महिन्यांनी त्यांच्या वहीत १९ चा आकडा होता. राहिलेले दोन टायरचे. टायर बदलणार का विचारलं तर म्हणाले, "नको, पोराला आवडतात."

माझ्याकडं किंवा कुणाकडंही येणार असाल तर एवढं बरोबर आणा: एकाच पंपाच्या टाकी फुल केल्याच्या दोन पावत्या आणि त्या वेळचे ट्रिपचे आकडे, मूळ टायरचं माप, आताचं माप, अलाइनमेंटचा कागद असेल तर तो. आणि येताना हवा भरून येऊ नका, आहे तशीच राहू द्या. ती मला सकाळी थंड मोजायची आहे, म्हणून आठच्या आत या.